हिशेबाची वही कोणी बंद केली?

“पैसा कुठून येतो यांना?”

सत्तेला नको असलेला माणूस बोलायला लागला की हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न वाईट नाही. सार्वजनिक काम करणाऱ्या कुणालाही तो विचारावा. पण एका देशात हा प्रश्न सलग चाळीस वर्षं विचारला गेला आणि विचारणारे स्वतः मात्र कुणालाच हिशेब देत नव्हते. त्या देशाची गोष्ट आज सांगतो. जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

देश आहे पोलंड.

पोलंड म्हटलं की कोल्हापूरच्या जुन्या माणसांना वळिवडे आठवतं. १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. बहुतेक बायका आणि मुलं. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला सोव्हिएत सत्तेनं पूर्व पोलंडमधल्या या कुटुंबांना घराबाहेर काढून सैबेरिया आणि मध्य आशियाकडे धाडलं होतं. तिथून इराणमार्गे ती आपल्याकडे पोहोचली. ही हकीकत वळिवड्यात कुणीही कुणालाही सांगू शकत होतं. खुद्द पोलंडमध्ये मात्र ती छापणं जवळजवळ अशक्य होतं, कारण युद्धानंतर तिथं मॉस्कोच्या आशीर्वादानं एका पक्षाचं राज्य आलं होतं. दोन छोटे पक्ष नावाला होते, सत्ता एकाचीच. सोव्हिएत सत्तेचा गुन्हा हा शब्दप्रयोगच त्या राज्यात बसत नव्हता.

वॉर्सामध्ये मिशा नावाचा रस्ता आहे. (आपल्या मिशांशी काही संबंध नाही, पोलिश भाषेत त्याचा अर्थ उंदरांचा रस्ता.) तिथं सेन्सॉरचं मुख्य कार्यालय होतं. पुस्तक, वर्तमानपत्र, नाटक, सिनेमाचं पोस्टर, सगळं आधी त्यांच्या नजरेखालून जायचं. कागद सरकारचा, छापखाने सरकारी नियंत्रणात, वितरण सरकारचं. साधं प्रती काढायचं यंत्र घरी ठेवणं म्हणजे पोलिसांना आमंत्रण.

आता अशा देशात एखाद्याला सरकारविरुद्ध चार पानं छापायची असतील तर तो काय करणार? हा प्रश्न डोक्यात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्यातूनच निघते.

‘परकीय हस्तक’ हा शिक्का तिथं फार जुना. १९६७ मध्ये पक्षप्रमुख गोमुल्का यांनी भाषणात देशातल्या ज्यूंकडे बोट दाखवून ‘पाचव्या फळी’ची भाषा केली. १९६८ च्या मार्चमध्ये विद्यार्थी रस्त्यावर आले, तर यामागे ‘झायोनिस्ट’ आहेत असा प्रचार झाला. परिणाम काय, तर पुढच्या दोन-तीन वर्षांत तेरा हजारांवर ज्यू माणसं देश सोडून गेली. त्यातली बरीचशी नाझींच्या तावडीतून वाचलेली किंवा तशांची मुलं होती. ज्या देशात ती जन्मली, शिकली, त्याच देशानं त्यांना परकं ठरवलं.

मग १९७० चा खटला. काही तरुण पॅरिसजवळून निघणारं ‘कुल्तुरा’ हे पोलिश मासिक आणि त्याच प्रकाशनाची पुस्तकं चेकोस्लोव्हाकियाकडून ताट्रा पर्वतातून चालत आत आणत होते. पकडले गेले. त्यातल्या प्रमुखांना तीन ते साडेचार वर्षांच्या शिक्षा झाल्या. पाठीवरच्या पिशवीत बंदूक नव्हती, पोलिश भाषेतली पुस्तकं होती. पोलिश माणसानं पोलिश भाषेत लिहिलेलं, पोलिश माणसानं वाचायचं, पण मधल्या वाटेत सरहद्द लागली म्हणून ते ‘परकीय’ झालं.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ.

जून १९७६. सरकारनं अन्नधान्य आणि मांसाच्या किमती एकदम वाढवायचं जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी रादोम, उर्सुस, प्वोत्स्क इथले कामगार बाहेर पडले. उर्सुसच्या ट्रॅक्टर कारखान्यातल्या लोकांनी रेल्वेमार्ग अडवला. सरकार घाबरलं, भाववाढ लगेच मागे घेतली. पण कामगारांचा सूड मात्र घेतला. पोलिसांच्या दोन रांगा, हातात दंडुके, आणि मधून पकडलेल्या माणसाला पळवायचं. या प्रकाराला पोलिसांनी नाव ठेवलं होतं ‘आरोग्याची वाट’. हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, कित्येकांवर खटले झाले.

या कामगारांच्या बायकामुलांनी खायचं काय? वकील कोण देणार? दंड कोण भरणार? त्या वर्षी २३ सप्टेंबरला चौदा जणांनी एक समिती जाहीर केली. ‘कामगार संरक्षण समिती’. पोलिश आद्याक्षरांवरून तिला ‘कोर’ म्हणायचे. तिच्यात यात्सेक कुरोन होता, ज्यानं पक्षाला खुलं पत्र लिहून आधीच तुरुंगवास भोगला होता. कादंबरीकार येझी आंद्जेयेव्स्की होते. अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड लिपिन्स्की होते, जन्म १८८८ चा, म्हणजे वय सत्त्याऐंशी. आयुष्यभराचे समाजवादी.

या लोकांनी एक विलक्षण गोष्ट केली. गुप्त संघटना काढली नाही. पत्रकाखाली आपली खरी नावं घातली, पत्ते घातले. कुरोनच्या घरचा फोन म्हणजे देशाची बातमी संस्था झाला. कुठं अटक झाली, कुठं मारहाण झाली, लोक त्याला फोन करायचे आणि तो ती बातमी बाहेर पोहोचवायचा. पोलीस ऐकत आहेत हे माहीत असूनसुद्धा.

आणि आपल्या विषयाच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यांनी हिशेब छापला. लोकांकडून आलेली मदत सांभाळायला वेगळं मंडळ नेमलं आणि पत्रकांतून जमा-खर्च जाहीर केला. पैसा देशातल्या लोकांकडून यायचा, परदेशात गेलेल्या पोलिश लोकांकडून यायचा, पश्चिमेतल्या लेखक-प्राध्यापकांकडून आणि कामगार संघटनांकडूनही यायचा. देशाबाहेर राहणारा तत्त्वज्ञ लेशेक कोवाकोव्स्की समितीचा तिकडचा माणूस होता. हे लपवलेलं नव्हतं. ज्या देशात सरकार आपल्या मांसविक्रीचे आकडे लपवत होतं, त्या देशात एक बेकायदा ठरवलेली समिती चक्करमुळ्या टाईपरायटरवर हिशेब टाईप करून वाटत होती.

मे १९७७ मध्ये क्राकोवमध्ये समितीशी जवळीक असलेला स्तानिस्वाव पियास हा विद्यार्थी मृतावस्थेत सापडला. निदर्शनं झाली. लगोलग कुरोन, आदाम मिखनिक आणि इतरांना अटक झाली. आरोप काय? परकीय संघटनांशी संगनमत करून देशाच्या राजकीय हिताला बाधा आणली. म्युनिचचं ‘रेडिओ फ्री युरोप’ आणि पॅरिसचं ‘कुल्तुरा’ यांच्याशी संबंध. कामगारांना दंडुक्यांच्या रांगेतून कोणी पळवलं, त्यावर मात्र आरोपपत्रात शब्द नव्हता. जुलैमध्ये माफी जाहीर करून त्यांना सोडावं लागलं.

इथं थांबून जरा दुसऱ्या बाजूची वही उघडू.

त्याच दशकात पोलंडचा पक्षप्रमुख होता एडवर्ड गिएरेक. त्यानं देश आधुनिक करायचा म्हणून पाश्चात्त्य सरकारं आणि बँकांकडून कर्ज काढायला सुरुवात केली. १९७० च्या आसपास सुमारे शंभर कोटी डॉलरचं परकीय कर्ज होतं. १९८० पर्यंत ते साधारण २४०० कोटी डॉलरवर गेलं. फियाटचा परवाना घेऊन छोटी मोटार आली, कोका-कोला आला. ज्या उर्सुसमध्ये कामगारांनी रेल्वे अडवली, त्याच कारखान्यासाठी मॅसी फर्ग्युसनचा परवाना घेतलेला होता. भांडवलशाही देशांचा पैसा सरकारला चालत होता. पण त्या पैशाच्या विनियोगावर प्रश्न विचारणाऱ्याला त्याच देशांतून टपालानं पुस्तक आलं तर तो हस्तक!

आणखी गंमत बघा. सरकारनंच ‘पेव्हेक्स’ नावाची दुकानं काढली होती. तिथं चांगला माल मिळायचा, पण डॉलरमध्ये किंवा डॉलरच्या बदल्यात मिळणाऱ्या सरकारी कुपनांवर. डॉलर कुठून आणले, असं तिथं कुणी विचारत नसे. दुकानात डॉलर देऊन जीन्स घेतली तर ग्राहक. तेच डॉलर देऊन शाई घेतली तर गद्दार.

आणि हे सगळं लोकांना कळू नये याची व्यवस्था मिशा रस्त्यावर होती. क्राकोवच्या सेन्सॉर कार्यालयात तोमाश स्त्शिझेव्स्की नावाचा तरुण नोकरीला होता. त्यानं सेन्सॉरच्या अंतर्गत सूचना गोळा केल्या आणि १९७७ मध्ये त्या घेऊन तो स्वीडनला निसटला. त्या ‘सेन्सॉरचं काळं पुस्तक’ म्हणून परदेशात पोलिश भाषेत प्रसिद्ध झाल्या. त्यात काय होतं? सोव्हिएत संघाला मांस विकल्याची माहिती छापू नये. देशात कॉफी किती खपते ते छापू नये. भांडवलशाही देशांकडून घेतलेल्या परवान्यांबद्दल छापू नये. कातिनच्या जंगलात पोलिश अधिकाऱ्यांची जी कत्तल झाली तिचा दोष सोव्हिएत संघाला देणारं काहीही छापू नये.

म्हणजे बघा, सरकारची आर्थिक वही बंद आणि विरोधकांची उघडी. आणि ‘हिशेब द्या’ म्हणून ओरडत होतं सरकार!

१९७७ पासूनच चोरून छापणाऱ्यांची एक मोठी फळी उभी राहिली. ‘नोव्हा’ नावाचं बेकायदा प्रकाशनगृह निघालं. त्याचा प्रमुख मिरोस्वाव होयेत्स्की, शिक्षणानं रसायनशास्त्रज्ञ. १९८० मध्ये त्याच्यावर खटला झाला तो विचारांसाठी नाही, तर प्रती काढायचं यंत्र चोरल्याबद्दल. राजवटीचा हा आवडता डाव. तुमच्या बोलण्यावर आमचा आक्षेप नाही हो, आम्ही फक्त यंत्राचा, कागदाचा, पैशाचा प्रश्न विचारतोय. विचारांवर खटला चालवला तर विचारांवर चर्चा होते. यंत्रावर चालवला की समोरचा माणूस साधा चोर होतो.

ऑगस्ट १९८०. गडान्स्कच्या गोदीत क्रेन चालवणाऱ्या आन्ना वालेन्तिनोविच यांना निवृत्तीला थोडे महिने उरले असताना कामावरून काढलं. त्यातून संप पेटला. लेक वालेसा नावाचा बडतर्फ इलेक्ट्रिशियन पुढे आला. एकवीस मागण्या लाकडी फळ्यांवर लिहून दारावर लावल्या. पगार, मांस, सुट्ट्या हे सगळं त्यात होतंच. पण क्रम बघण्यासारखा आहे. पहिली मागणी पक्षापासून स्वतंत्र कामगार संघटनेची. दुसरी संपाच्या हक्काची. आणि तिसरी बोलण्याच्या आणि छापण्याच्या स्वातंत्र्याची. पगारवाढ त्यानंतर. गोदी कामगारांना हे कुणा प्राध्यापकानं शिकवावं लागलं नाही. १९७० मध्ये त्याच किनाऱ्यावर संपकऱ्यांवर गोळ्या झाडल्या होत्या आणि दहा वर्षं मेलेल्यांची नावं उघडपणे घेता आली नव्हती. बोलता येत नसेल तर मिळालेला पगारही टिकत नाही, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं.

३१ ऑगस्टला करार झाला. ‘सॉलिडॅरिटी’ जन्माला आली आणि बघता बघता सुमारे एक कोटी सभासद झाले. देशाची लोकसंख्या साडेतीन कोटींच्या थोडी वर. म्हणजे लहान मुलं आणि म्हातारी माणसं सोडली तर जवळपास घरटी एक.

त्याच वेळी अमेरिकेतल्या कामगार संघटनांच्या महासंघानं पोलिश कामगारांसाठी उघड निधी सुरू केला. आता तुम्हाला वाटेल अमेरिकी सरकार खूश झालं असेल. उलट परराष्ट्रमंत्री एडमंड मस्की यांनी महासंघाला सावध केलं, मॉस्को चिडेल म्हणून. आणि आमचा यात हात नाही, असं सोव्हिएत बाजूलाही कळवलं. ‘सगळं वॉशिंग्टननं घडवलं’ म्हणणाऱ्यांनी हा तपशील विसरू नये.

सॉलिडॅरिटीच्या सोळा महिन्यांत एक छोटा पण मोलाचा कायदा झाला. जुलै १९८१ च्या सेन्सॉर कायद्यानं संपादकाला एक हक्क मिळाला. सेन्सॉरनं मजकूर कापला, तर तिथं कंस आणि रेघा घालून कायद्याचं कलम छापता येऊ लागलं. सेन्सॉर गेला नाही, पण त्याच्या कात्रीची जागा वाचकाला दिसू लागली. मला हा सगळ्या इतिहासातला फार मोठा क्षण वाटतो. आधी काय लपवलंय हे कळत नव्हतंच, लपवलंय हेही कळत नव्हतं.

मग आली १३ डिसेंबर १९८१ ची रात्र. जनरल यारुझेल्स्कींनी लष्करी कायदा पुकारला. हजारोंना उचललं. फोन बंद. पुढे फोन सुरू झाले तेव्हा बोलताना मधेच आवाज यायचा की हे संभाषण ऐकलं जात आहे. वुयेक खाणीत नऊ खाणकामगार गोळीबारात मेले. सॉलिडॅरिटीचं काम थांबवलं, मालमत्ता आणि खाती ताब्यात घेतली. ऑक्टोबर १९८२ मध्ये कायदा करून संघटनाच विसर्जित केली.

पण व्रोत्स्वाफ शहरात एक प्रकार आधीच घडून गेला होता. काहीतरी शिजतंय असा वास येऊन ३ डिसेंबरला तिथल्या संघटनेचा खजिनदार युझेफ पिन्योर आणि त्याच्या साथीदारांनी बँकेतून आठ कोटी झ्लॉटी रोख काढले. सभासदांच्या वर्गणीचा पैसा. नेऊन ठेवला कुठं, तर शहराच्या आर्चबिशपांच्या निवासात. दहा दिवसांनी रणगाडे आले तेव्हा खातं रिकामं! सरकारी प्रचारात अर्थातच पिन्योर पैसे पळवणारा ठरला. ज्यांनी कोटी सभासदांची संघटना त्यांच्या वर्गणीसकट गिळली, ते दुसऱ्याला चोर म्हणत होते.

इथं आपला सुरुवातीचा प्रश्न परत घ्या. वर्गणी गोळा करणं आता गुन्हा. बँकेत खातं उघडणं अशक्य. कागद विकत घेतला तर पाळत. अशा वेळी चळवळ चालवायची तर पैसा कुठून येणार?

पहिला पैसा लोकांकडूनच आला. कारखान्यांत गुपचूप वर्गणी चालू राहिली. भूमिगत वर्तमानपत्रांच्या शेवटी बारीक टाइपात देणगीदारांची पोच असे, खोटी नावं आणि पुढे रक्कम. ज्यानं दिले त्यालाच कळायचं की आपले पैसे पोहोचले. हिशेब द्यायची सवय इतकी मुरली होती की भूमिगत असतानाही सुटली नाही. वॉर्सामध्ये ‘तिगोद्निक माझोफ्शे’ हे भूमिगत साप्ताहिक हेलेना वुचिवो आणि मुख्यतः बायकांच्याच एका गटानं चालवलं. १९८२ ते १९८९, तब्बल २९० अंक. घरं बदलत, टाईपरायटर बदलत, पोलिसांना न सापडता. शाई मिळेना तर छापणाऱ्यांनी कपडे धुवायच्या लगद्यात रंग कालवून शाई बनवली. बाकी सोडा, धुलाईच्या पिळण्याच्या रुळावरसुद्धा पत्रकं छापली.

आणि हो, परदेशी पैसाही आला. ते नाकारायचं कारण नाही. १९८२ मध्ये ब्रसेल्समध्ये सॉलिडॅरिटीचं कार्यालय सुरू झालं. युरोप-अमेरिकेतल्या कामगार संघटनांनी पैसे दिले. १९८३ मध्ये अमेरिकेत ‘नॅशनल एन्डावमेंट फॉर डेमॉक्रसी’ निघाली, तिच्यातून आले. १९८७ मध्ये अमेरिकी संसदेनं उघडपणे दहा लाख डॉलर मंजूर केले. आणि सीआयएचा गुप्त कार्यक्रमही होता. नोव्हेंबर १९८२ मध्ये रेगन यांनी त्याला मंजुरी दिली, आणि पुढच्या काही वर्षांत त्यावर दोनेक कोटी डॉलर खर्च झाले. हे आता अमेरिकेत पुस्तकांतून प्रसिद्ध आहे. त्याआधीपासून सीआयएच्याच पैशानं पूर्व युरोपात पुस्तकं पाठवायची योजना चालू होती. १९५६ पासून तीन-साडेतीन दशकांत सुमारे एक कोटी पुस्तकं गेली. ‘रेडिओ फ्री युरोप’लाही १९७१ पर्यंत सीआयएचाच पैसा होता, नंतर तो संसदेतून उघड मिळू लागला. स्वीडनमार्गे मालाच्या ट्रकांतून छपाईची यंत्रं, शाई, सुटे भाग आत यायचे. १९८६ मध्ये असा एक भरलेला ट्रक बंदरावर पकडलाही गेला.

काळ्या बाजाराच्या भावानं तेव्हा पोलंडमधला महिन्याचा पगार वीस-तीस डॉलरच्या घरात भरायचा. त्यामुळे थोडेसे डॉलरही खूप लांब पुरायचे. मदत खरी होती, उपयोगाची होती.

मग सरकारचा आरोप खरा होता का?

इथं तीन गोष्टी सरळ मांडतो.

पहिली, तारखा. कोर १९७६ ची, गडान्स्कचा संप १९८० चा, एक कोटी सभासद १९८१ चे. सीआयएचा कार्यक्रम १९८२ च्या अखेरीचा. बाळ चालायला लागल्यावर आलेल्या पाहुण्यानं ‘मीच याला जन्म दिला’ म्हणावं, तसला हा दावा आहे. आणि तो दोघांनाही सोयीचा होता. पोलिश सरकारला चळवळ परकी ठरवायला, आणि वॉशिंग्टनमधल्या काहींना विजयाचं श्रेय घ्यायला. मधल्या मधे रादोमचा मार खाल्लेला कामगार दोन्ही गोष्टींतून गायब.

दुसरी, देणाऱ्याचा हेतू. अमेरिकेला पोलिश कामगाराचं फार प्रेम होतं अशातला भाग नाही. ज्या रेगन यांनी सॉलिडॅरिटीच्या नावानं मेणबत्ती लावायला सांगितली, त्यांनीच ऑगस्ट १९८१ मध्ये संपावर गेलेल्या आपल्या देशातल्या अकरा हजारांवर हवाई वाहतूक नियंत्रकांना कामावरून काढलं होतं. लॅटिन अमेरिकेत तर कामगार नेते मारणाऱ्या राजवटींशी त्यांची दोस्ती होती. हे सगळं खरं. पण देणाऱ्याचा हेतू खोटा असला म्हणून घेणाऱ्याचं दुःख खोटं ठरत नाही. रादोमच्या पाठीवरचे वळ कुणाच्या पैशानं उठले नव्हते.

तिसरी गोष्ट जास्त अवघड आहे. गुप्त पैशाचा हिशेब देता येत नाही. भूमिगत काळात कुणाकडे किती आलं, कुठं गेलं, यावरून चळवळीतल्याच लोकांत पुढे संशय आणि भांडणं झाली. गुप्तता ही चळवळीला लागलेली कीडच होती. फक्त ती कीड कोणी लावली हे विसरू नये. १९७७ मध्ये जे लोक हिशेब छापत होते, त्यांना १९८२ मध्ये हिशेब लपवायला कोणी लावलं?

आणि जिथं लपवायची सक्ती नव्हती, तिथल्या गुप्त पैशाचं काय? त्याचं उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’ ही संघटना १९५० मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये स्थापन झाली. १९५१ मध्ये मुंबईत तिची परिषद भरली. मिनू मसानी त्यात पुढे होते, जयप्रकाश नारायण तिच्याशी जोडलेले होते. तिच्यातूनच १९५५ मध्ये ‘क्वेस्ट’ हे इंग्रजी नियतकालिक निघालं, पहिले संपादक निसीम इझिकेल. पुढे आपल्या अ. भि. शहांचंही नाव त्याच्याशी जोडलं गेलं. १९६६-६७ मध्ये उघड झालं की मूळ संघटनेला सीआयएचा पैसा मिळत होता. ‘क्वेस्ट’मध्ये लिहिणारी माणसं विकली गेलेली नव्हती, त्यांचं लिखाण आजही वाचून पाहता येतं. पण त्यांच्या शब्दावर डाग पडला तो पडलाच. कारण भारतात उघड वर्गणी घेता येत होती, उघड हिशेब देता येत होता. जिथं दार उघडं आहे तिथं खिडकीतून येणारा पाहुणा संशयास्पदच. पोलंडमध्ये दाराला कुलूप होतं.

दैवाची गंमत अशी की ते ‘क्वेस्ट’ बंद पडलं सीआयएमुळे नाही, आपल्या आणीबाणीत, १९७६ साली. आणि त्याच वर्षी, विरोधक तुरुंगात आणि वर्तमानपत्रांवर सेन्सॉर असताना, परदेशी देणग्यांवर नियंत्रण आणणारा आपला पहिला कायदा झाला. आपल्याकडे एकपक्षीय राजवट नव्हती, १९७७ मध्ये मतदारांनी ते दाखवून दिलं. परदेशी पैशावर नियम असावेत, हेही मला मान्य आहे. पण ‘परकीय हात’ हा शब्द सर्वात मोठ्यानं कधी ऐकू येतो, ते वर्ष लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पोलंडचा शेवट तुम्हाला माहीत असेल. १९८९ च्या सुरुवातीला सरकार आणि विरोधक गोल मेजाभोवती बसले. ४ जूनला निवडणूक झाली, तीही अर्धीमुर्धी. मुख्य सभागृहातल्या ४६० पैकी फक्त १६१ जागा खुल्या होत्या. सॉलिडॅरिटीनं त्या सगळ्याच्या सगळ्या जिंकल्या. वरिष्ठ सभागृहात १०० पैकी ९९. ज्यांना चाळीस वर्षं ‘मूठभर हस्तक’ म्हटलं, त्यांच्यामागे देश उभा होता. पुढच्या वर्षी सेन्सॉरचं कार्यालय कायद्यानं बंद झालं.

आणि तो पक्ष? जानेवारी १९९० मध्ये तो विसर्जित झाला. जाता जाता त्याच्या नेत्यांनी सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाकडून गुपचूप सुमारे बारा लाख डॉलर घेतले होते. हो, डॉलर. पुढे ते बाहेर आलं आणि चौकशी झाली. पोलंडमध्ये हे प्रकरण ‘मॉस्कोचं कर्ज’ म्हणून ओळखतात.

म्हणून पुढच्या वेळी कुणी एखाद्या टीकाकाराबद्दल ‘याला पैसा कुठून येतो’ असं विचारलं, तर प्रश्न टाळू नका. जरूर विचारा. फक्त सोबत आणखी दोन विचारा. तो म्हणतोय ते खरं आहे की खोटं? आणि त्याला उघडपणे पैसे गोळा करायची, उघडपणे हिशेब मांडायची मोकळीक आहे का? पहिल्याचं उत्तर पैशाच्या पावतीत सापडत नाही, ते रादोमला जाऊनच शोधावं लागतं. आणि दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर हिशेबाची वही ज्यानं बंद केली त्यालाच आधी हिशेब विचारला पाहिजे.

वळिवड्याच्या छावणीबद्दल घरातल्या जुन्या माणसांकडून काही ऐकलं असेल तर खाली जरूर लिहा. ती गोष्ट सांगायला आपल्याकडे तेव्हाही कुणाची परवानगी लागली नव्हती.